मोलाचा हात

कळमनुरी तालुक्यातील ज्या एका गावी २०२५ च्या माघ महिन्यात मी दोन दिवस मुक्काम केला, तेथील क्रिकेट मंडळाच्या खजिनदाराने आपली जमाखर्चाची वही माझ्यापुढे उघडून ठेवली, तेव्हा प्रथमदर्शनी मला तीत वावगे असे काहीच दिसले नाही. खर्चाच्या बाजूस चुना, मंडप, लाउडस्पीकर, दोन डझन टेनिस बॉल, पंचांचा चहा-फराळ अशा रकमा स्वच्छ अक्षरांत मांडलेल्या होत्या. आणि त्या सर्वांच्या खाली, त्यांपैकी कोणत्याही रकमेहून मोठी, जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीनच्या हमीभावाइतकी एक रक्कम होती व तिच्यापुढे दोनच शब्द होते : ‘बाहेरचा बॉलर’. ज्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये जाहीर झालेला असूनही मोंढ्यात तेवढा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडत नव्हता, त्याच हंगामात घरटी गोळा केलेल्या वर्गणीतून दोन दिवसांच्या गोलंदाजीसाठी एका परक्या तरुणास एवढा मोबदला द्यावा की न द्यावा, यावरून गावात सरळ दोन तट पडले होते.

परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या आमच्या या पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यात क्रिकेट हा प्रायः शेताचा आणि गायरानाचा खेळ आहे. सोयाबीन निघून गेलेल्या रानात ढेकळे फोडून, पाणी मारून व लाकडी रूळ फिरवून खेळपट्टी तयार होते. सीमारेषा चुन्याने आखली जाते. आणि वसमतकडच्या बाजूस हळद काढण्याची व शिजवण्याची घाई सुरू झालेली असली तरी सामन्याच्या दिवशी कढईपाशी वडील माणसेच काय ती उरतात. सामना बहुधा आठ षटकांचा असतो व एका गोलंदाजास दोनच षटके टाकता येतात. चषकाबरोबर रोख बक्षीस असते, ते एखादा स्थानिक पुढारी किंवा कृषी सेवा केंद्राचा मालक देतो. आणि त्या बक्षिसाच्या आशेने मंडळे नांदेड, परभणी, वाशीम अशा शेजारच्या जिल्ह्यांतून नावाजलेले गोलंदाज बोलावून आणतात. फलंदाजापेक्षा गोलंदाजासच मागणी अधिक. पुष्कळांशी बोलल्यावर याचे जे कारण मला समजले ते असे की गावात मारणारे पोरगे दर गल्लीत एक सापडते. परंतु शेवटच्या षटकात सहाच्या सहा चेंडू फलंदाजाच्या पायांशी टाकणारा हात दहा गावांत मिळून एखादाच निपजतो.

तो बाहेरचा बॉलर मी जवळून पाहिला. वय पंचविशीच्या आतले, अंगकाठी उंच व सडपातळ, बोलणे अत्यंत आर्जवी. पहिल्या दिवशी त्याने दोन सामने जिंकून दिले. दुपारच्या सुट्टीत मंडपामागे निंबाच्या सावलीत तो एकटाच बसला होता. त्याने सदऱ्याची उजवी बाही दुमडून वर केली तेव्हा कोपराभोवती घट्ट गुंडाळलेली क्रेप पट्टी दिसली. ती सोडून तो डाव्या हाताच्या अंगठ्याने कोपराच्या आतल्या बाजूस मलम चोळू लागला, आणि चोळताना त्याच्या ओठांची जी कड वळत होती तीवरून वेदना किती असेल याची मला पुरेशी कल्पना आली. “डॉक्टरला दाखवलंत का?” असे मी विचारले. “दाखवलं गुरुजी. दोन महिने हात थांबवा म्हणले. पण दुखतंय म्हणलं की पुढचं बोलावणं येत नाही,” असे म्हणून त्याने पट्टी पुन्हा गुंडाळली, दातांनी तिचे टोक ओढून खोचले आणि बाही खाली सोडली. गावाने दोन क्विंटल सोयाबीन मोजले होते ते त्या बाहीखालच्या कोपरासाठी. आणि त्या कोपराची खरी अवस्था गावात कोणासच ठाऊक नव्हती.

मोल देऊन गोलंदाज आणण्याची ही रीत आजची मुळीच नव्हे. हिंगोली ज्या निजामी मुलखात मोडत होती त्या मुलखाच्या राजधानीत, हैदराबादेस, मोइन-उद्-दौला सुवर्णचषकाचे सामने तिसाव्या सालाच्या सुमारास सुरू झाले, तेव्हा संस्थानिकांत व नबाबांत दूरदूरचे नामांकित खेळाडू आपापल्या संघात आणण्याची चुरस लागे; आणि १९३४ साली वेस्ट इंडीजचा विख्यात वेगवान गोलंदाज लिअरी कॉन्स्टंटाइन हा तेथे ‘फ्रीलूटर्स’ नावाच्या संघाकडून खेळून गेला. परंतु त्याची खरी नोकरी होती ती विलायतेत, लँकेशायरमधील नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावी. त्या परगण्याच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबास एक, आणि एकच, पगारी खेळाडू ठेवण्याची मुभा असे. बाकीचे दहा जण गिरणीत, दुकानात वा कचेरीत काम करणारे गावकरी. म्हणजे व्यवस्था हुबेहूब आमच्या कळमनुरीसारखी. नेल्सनने त्यासाठी त्या काळी मोठी मानली जाणारी रक्कम मोजली, आणि १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा विजेतेपद मिळविले व उरलेल्या दोन वेळा दुसरा क्रमांक राखला. तो जेथे खेळे तेथे तिकिटांची विक्री वाढे, त्यामुळे प्रतिस्पर्धी क्लबांच्या तिजोरीतही भर पडे.

मोलाच्या गोलंदाजाविरुद्ध बोलणाऱ्याने या उदाहरणास प्रथम उत्तर दिले पाहिजे, आणि मी ते टाळू इच्छीत नाही. कॉन्स्टंटाइन हा नुसता गोलंदाज नव्हता. तो धावांचा पाऊस पाडणारा फलंदाज होता व त्याच्या काळातील सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षकांत गणला जाई. म्हणून नेल्सनने एका हाताचे दाम देऊन वस्तुतः तीन हात मिळविले होते. दुसरे असे की तो दोन दिवसांचा पाहुणा नव्हता. बायको-मुलीसह त्याने त्या गावात बिऱ्हाड थाटले, खेळाची नोकरी संपल्यावरही १९४९ पर्यंत तो तेथेच राहिला, आणि १९६९ साली त्यास सरदारकी मिळाली तेव्हा आपल्या पदवीत त्याने जन्मभूमी त्रिनिदादबरोबर नेल्सनचेही नाव घातले. आपल्या मुंबईचा थोर लेगस्पिनर सुभाष गुप्ते हाही पुढे त्याच लीगमध्ये रिश्टन क्लबाचा पगारी खेळाडू होता. त्या गावांनी गोलंदाज आणला तो असा, एका घरात राहावयास आणल्यासारखा.

याच प्रश्नाची सर्वांत सविस्तर, आणि सर्वांत महागडी, परीक्षा अमेरिकेतील बेसबॉलने केलेली आहे. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत बेसबॉल असला तरी गावकऱ्यांस तो अपरिचितच. म्हणून एवढे सांगतो की त्या खेळात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात, सामना नऊ डावांचा असतो, आणि सामन्याचा आरंभ करणारा पिचर आज साधारणतः पाच-सहा डाव फेकून मग चार दिवस विश्रांती घेतो. एकेकाळी तेथील खेळाडू हा मालकाशी आमच्याकडील सालगड्याहूनही घट्ट बांधलेला असे. कारण सालगड्याचे साल गुढीपाडव्यास फिटते, तर बेसबॉलच्या करारातील राखीव कलमान्वये खेळाडूचे साल कधीच फिटत नसे. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने त्या कलमाचा अर्थ खेळाडूंच्या बाजूने लावला आणि मुदत संपल्यावर खेळाडू मोकळा होऊ लागला. परंतु त्याच्या एक वर्ष आधीच, मालकाने करारातील एक अट पाळली नाही म्हणून, जिम ‘कॅटफिश’ हंटर हा पिचर याच लवादाच्या निकालाने मोकळा झाला होता. बहुतेक सर्व संघ त्याच्या मागे लागले, आणि १९७४ च्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कच्या यांकी संघाने त्याच्याशी तीस लाख डॉलरांहून अधिक रकमेचा पाच वर्षांचा करार केला.

हा हंटर नॉर्थ कॅरोलिनातील शेतकऱ्याचा मुलगा. १९७५ च्या पहिल्याच वर्षी त्याने घेतलेल्या दामाचे चीज केले : तेवीस सामने जिंकले, तीनशे अठ्ठावीस डाव फेकले, आणि तीस सामने आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने पार पाडले. मालकास वाटले असेल, पैसा वसूल झाला. पण तो वसूल कशातून होत होता? ज्या खांद्यातून तो वसूल होत होता, तो खांदा पुढील वर्षांत दुखू लागला, डावांची संख्या घटत गेली, आणि १९७९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, पाच वर्षांची मुदत संपताच हंटर निवृत्त होऊन आपल्या शेतावर परत गेला. यांकी संघाने १९७७ व १९७८ साली अजिंक्यपद मिळविले हे खरे. परंतु तोपर्यंत त्या संघात इतर पिचर उभे राहिले होते.

फेकणाऱ्या हाताचे हे वैशिष्ट्य विसरून चालत नाही. बैलाच्या बाजारात आम्ही दात पाहतो, खांदा चाचपतो, गाडीला जुंपून चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. मग ज्या कोपराच्या आतल्या बाजूचा करंगळीएवढाही नसलेला बंध सारा भार सहन करतो, त्याचा पूर्वेतिहास न पाहता कोट्यवधी कसे मोजावेत? १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या फाटलेल्या बंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातील स्नायुरज्जू बसविला, तो गडी १९८९ पर्यंत खेळला, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. वॉशिंग्टनच्या एकाच संघाने केलेले दोन करार या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी मॅक्स शर्झरला सात वर्षांसाठी एकवीस कोटी डॉलर देऊ केले. त्याने त्या संघाकडून सर्वोत्तम पिचरचा बहुमान दोनदा मिळविला आणि २०१९ साली संघ अजिंक्य ठरला. त्या अंतिम मालिकेचा मानकरी होता त्याच संघातील स्टीफन स्ट्रासबर्ग, ज्याच्या कोपरावर २०१० मध्येच टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली होती. विजयाच्या आनंदात संघाने त्याच डिसेंबरात त्यास सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलर कबूल केले. त्यानंतर तो केवळ आठ सामने फेकू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. बेसबॉलच्या करारात गडी खेळो वा न खेळो, रक्कम द्यावीच लागते. ती खंडाने घेतलेली जमीन नसते, खरेदीखत असते.

आता आपल्या देशाकडे येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत बंगळुरू येथे आयपीएलचा लिलाव झाला. १२ व १३ तारखेच्या त्या लिलावात चेन्नईच्या संघाने दीपक चाहर या वेगवान गोलंदाजास चौदा कोटी रुपयांस घेतले. एका आठवड्यानंतर, २० फेब्रुवारीस, कोलकात्याच्या सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. त्यातून बरा होत असता पाठीने दगा दिला. आणि तो संपूर्ण हंगाम तो एक चेंडूही टाकू शकला नाही. यात त्याचा कसलाही अपराध नव्हता. पण त्याच लिलावात त्याच संघाने आणखी काही नावे अल्प मोलात घेतली होती, आणि मराठी वाचकाने ती नावे लक्षात ठेवावीत. महाराष्ट्राकडून खेळणारा डावखुरा मुकेश चौधरी वीस लाखांस मिळाला होता. चाहरच्या जागी नवा चेंडू त्याच्या हाती आला आणि त्याने तेरा सामन्यांत सोळा बळी घेतले. कल्याणचा तुषार देशपांडे, तोही वीस लाखांचा. पुढच्या वर्षी चेन्नईने जे विजेतेपद मिळविले त्यात त्याचे एकवीस बळी होते. आणि तिसरा आमच्याच मराठवाड्याचा, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, दीड कोटीचा. ३१ मार्च २०२३ रोजी आयपीएलमधील आपल्या पहिल्याच सामन्यात छत्तीस धावांत तीन बळी घेताना त्यास दूरचित्रवाणीवर पाहून या भागातील किती पोरांनी दुसऱ्या दिवशी धावण्याची जागा आखली, हे मी शाळांच्या मैदानांवर स्वतः पाहिलेले आहे. त्या हंगामात त्यास पुढे फारशी संधी मिळाली नाही, आणि चौधरीसही त्या वर्षी पाठीच्या दुखण्याने बाहेर बसावे लागले. म्हणजे स्वस्त हातही दुखतोच. फरक एवढाच की स्वस्त हात दुखला तर संघ मोडत नाही.

याच्या उलट बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्क याचे. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत कोलकात्याने त्याच्यासाठी पावणेपंचवीस कोटी रुपये मोजले. पहिल्या दोन सामन्यांत त्याने त्रेपन्न व सत्तेचाळीस धावा दिल्या आणि एकही बळी मिळविला नाही. देशभर त्याच्या एकेका चेंडूची किंमत काढली जाऊ लागली. मग बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने तीन गडी टिपले, आणि २६ मे रोजी चेन्नईतील अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात अभिषेक शर्माचा त्रिफळा अशा चेंडूवर उडविला की हैदराबादचा डाव तेथून सावरलाच नाही. एकशे तेरा धावांत तो आटोपला आणि चषक कोलकात्यास गेला. कोलकात्याचा तो व्यवहार उत्तम होता असे मी निःसंकोच म्हणतो. पण तो उत्तम ठरला याचे कारण स्टार्क अपयशी ठरत असताना सामने जिंकून देणारे सुनील नारायण, वरुण चक्रवर्ती, हर्षित राणा तेथे आधीपासून होते. घर उभे होते. कळस तेवढा विकत आणला. आणि वर्ष संपताच संघाने त्यास सोडले, तेव्हा दिल्लीने पावणेबारा कोटींस घेतला. खंडाची मुदत एक वर्षाची, म्हणून जोखीमही एक वर्षाची.

माझा निर्णय या सगळ्यावरून बनत गेला. परंतु तो पक्का झाला तो त्या गावच्या उपान्त्य सामन्यात, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी. बाहेरच्या बॉलरने आपल्या दोन षटकांत अवघ्या नऊ धावा दिल्या. दुखऱ्या कोपराने टाकलेले ते बारा चेंडू अप्रतिम होते, आणि मी त्याचे ऋण मानतो. परंतु आठ षटकांत चेंडू अठ्ठेचाळीस असतात. उरलेले छत्तीस चेंडू गावच्या पोरांनी टाकले आणि त्यांवर चौसष्ट धावा निघाल्या. त्या पोरांपैकी एकालाही त्या हंगामापूर्वी कोणी टप्पा कोठे ठेवावा हे सांगितलेले नव्हते. वीस षटकांच्या सामन्यातही उत्तमोत्तम गोलंदाज चोवीसच चेंडू टाकतो, म्हणजे पाचवा हिस्सा. आणि बेसबॉलमध्ये एकशे बासष्ट सामन्यांपैकी बत्तीसेक सामन्यांत, तेही नवांपैकी सहा डाव फेकणारा तो बहुमोल पिचर वर्षाच्या एकूण कामाचा सातवा-आठवा हिस्सा उचलतो. बाकीच्या हिश्श्याचा बंदोबस्त ज्या संघाने केलेला नाही, त्याने एका हातासाठी तिजोरी रिकामी करणे हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे, मग तो संघ न्यूयॉर्कचा असो की कळमनुरीचा.

सामना हरल्यावर खजिनदाराने मला एक पोरगा दाखविला. सतरा-अठरा वर्षांचा, आदल्या रात्री हळदीच्या कढईवर जागरण केलेले, बोटांच्या पेरांत पिवळा रंग अजून मुरलेला. त्याने एक षटक टाकले होते, त्यात दोन षटकार बसले, पण चौथा चेंडू असा काही आत वळला होता की बाहेरच्या बॉलरने मंडपातून उठून टाळी वाजविली, आणि पाहुणचाराचे जेवण झाल्यावर अर्धा तास त्या पोरास बाजूला घेऊन मनगट कसे धरावे ते दाखविले. त्या रकमेतील खरा मोबदला गावास त्या अर्ध्या तासात मिळाला, असे माझे मत आहे. नेल्सनने कॉन्स्टंटाइनला ठेवले तेव्हा असले अर्धे तास वर्षानुवर्षे मिळत राहिले असतील.

आपल्या माणसावर पैसा लावताना महाराष्ट्राने कधी हात आखडता घेतलेला नाही. १९५२ साली कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यास पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. तीही जोखीमच होती. परंतु ज्या शरीरावर ती घेतली त्याची तालीम, आहार, दुखणीखुपणी सारे कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढचे होते.

म्हणून हिंगोली, सेनगाव, औंढा, वसमत आणि कळमनुरी या पाचही तालुक्यांतील मंडळांच्या खजिनदारांस माझी कळकळीची विनंती आहे. येत्या पौष-माघात आपण पुन्हा वर्गणी गोळा कराल व वही उघडाल, तेव्हा ‘बाहेरचा बॉलर’ या ओळीवर काट मारू नका. बोलवा, पण दोनाऐवजी आठ दिवसांसाठी बोलवा, त्याचा कोपर आधी पाहा, दुखत असेल तर न खेळवताही त्यास ठरलेले पैसे द्या आणि पोरांना शिकवावयास लावा. आणि त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहा : ‘गावचे बॉलर’. तीत एक मॅटिंग, एक जाळे, चार डझन चेंडू आणि कढईवर जागणाऱ्या त्या पोराच्या दुधाचा खर्च मांडा. आणि तिच्यापुढचा आकडा खालच्या आकड्याहून कमी ठेवू नका.